ग्रहणासाठी घेतलेली गाडी

"सुरू करू नका," मामंजी म्हणाले. "आधी हात लावून बघू दे."

कोटाची बाही वर सारून त्यांनी गाडीच्या बोनेटवर तळहात टेकवला. आजारी माणसाचा ताप बघावा तसा. मग पलीकडच्या बाजूला जाऊन तिथंही टेकवला.

"थंड आहे," ते उल्हासला म्हणाले. "म्हणजे आपण येणार म्हणून आधी चालवून ठेवलेली नाही. गरम इंजिन कुणाचंही सुरू होतं. थंड इंजिनच खरं काय ते सांगतं."

"कालपासून किल्लीसुद्धा लावलेली नाही, बाब," व्हरांड्याच्या पायरीवरून मिसेस फुर्तादो म्हणाल्या. "मला ठाऊक होतं, तुम्ही हात लावून बघणार. तुमचा चेहराच तसा आहे."

ही ऐंशी सालच्या जानेवारीतली गोष्ट. बेळगावच्या कॅम्पातला तो बंगला, मोठ्या आवारात आंब्याखाली उभी असलेली गडद हिरवी, गोल दिव्यांची परदेशी गाडी आणि तिच्याभोवती फिरणारे आम्ही तिघं. मामंजी म्हणजे माझे सासरे, अनंतराव हलगेकर. कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले, सोवळ्यातली पूजा एक दिवस न चुकवणारे. उल्हास त्यांचा एकुलता मुलगा आणि माझा नवरा. तेव्हा मी त्याचं नाव घेत नसे, आता सांगताना घेते. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या, त्यामुळे टिळकवाडीतल्या त्या घरात आम्ही तिघंच. आणि गाडी विकणाऱ्या मिसेस फुर्तादो या कॅम्पातल्या एका डॉक्टरांच्या विधवा. गाडी डॉक्टरांची. तिची कंपनीसुद्धा आता जगात उरलेली नाही, तेव्हा नाव सांगण्यात अर्थ नाही.

गाडी घ्यायची हे मामंजींच्या मनात नोकरीत असल्यापासून होतं. गेला महिनाभर ते रोज संध्याकाळी खानापूर रोडवरच्या एका गॅरेजात स्टुलावर बसून येत होते. काय बघायचं, काय विचारायचं, सगळं डोक्यात भरून घेतलं होतं. आता ते उलटतपासणीला उभे राहिले.

"ऑइल किती पिते?"

"पिते. पण माझ्या नवऱ्यापेक्षा कमी."

मला हसू आलं. मामंजींना नाही आलं.

"धूर?"

"सुरू होताना निळा. मग जातो. चढावर परत येतो."

"निळा म्हणजे रिंगा झिजल्यात," मामंजी उल्हासला म्हणाले. "चालतं. पांढरा असता तर गॅस्केट गेलेलं. ते वाईट." त्यांनी ऑइलचं झाकण काढून आत बोट फिरवलं, उन्हात धरून बघितलं. "काळं आहे, पण दुधासारखं नाही. पाणी ऑइलमध्ये जात नाही. ब्रेक?"

"पहिल्यांदा दाबला की खाली जातो. दुसऱ्यांदा दाबला की धरतो."

"म्हणजे काय?"

"म्हणजे दोनदा दाबायचा, बाब."

मामंजींनी पायाखालचे गालिचे उचलून पत्रा गंजलाय का ते बघितलं, चाकं हातानं हलवली, स्टिअरिंग किती फिरल्यावर चाक वळतं ते पाहिलं. मग उल्हासनं चोक ओढून सेल्फ मारला. गाडी खोकली, गप्प झाली, पुन्हा खोकली आणि सुरू झाली. मागून निळा धूर आला आणि थोड्या वेळानं खरंच निवळला. मामंजींनी समाधानानं मान हलवली आणि कोटाची बाही खाली केली.

"तुम्ही पाण्याचं काही विचारलं नाही," मिसेस फुर्तादो म्हणाल्या.

"काय?"

त्या पायरी उतरून आल्या. इंजिन बंद करायला लावलं. रेडिएटरच्या वरच्या बाजूनं इंजिनात जाणारी रबराची जाड नळी त्यांनी दोन बोटांत धरून दाबली. "हा होज पाइप. बघा, किती मऊ झालाय. गाडी दगा देईल तर इथंच देईल. कधी, ते मला ठाऊक नाही. नवा बसवल्याशिवाय लांब जाऊ नका. आणि मागचं डावं दार आतून उघडत नाही, बाहेरून उघडावं लागतं. वायपर उजवीकडचा फक्त चालतो."

मामंजी त्यांच्याकडे बघतच राहिले. "बाई, तुम्हाला गाडी विकायचीच आहे ना?"

"विकायची आहे. पण कुठंतरी रस्त्यात उभं राहून कुणी माझ्या नावानं बोटं मोडायला नकोत." त्यांनी डिकी उघडली. आत बिस्किटांचा जुना डबा होता, त्यात तार, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या, साबणाची वडी, पक्कड. "हा डबा गाडीबरोबर जातो. डॉक्टर याच्याशिवाय फाटकाबाहेर पडत नसत."

परत येताना टांग्यात मामंजी बोटावरचं ऑइल रुमालानं पुसत राहिले. मग म्हणाले, "एवढी वर्षं साक्षीपुरावे ऐकले. न विचारता स्वतःविरुद्ध सांगणारा साक्षीदार आज भेटला." दुसऱ्या दिवशी गाडी आमच्या दारात होती.

घाई होती ती ग्रहणाची. महाशिवरात्रीच्या पाठोपाठ येणाऱ्या अमावस्येला खग्रास सूर्यग्रहण होतं. बेळगावात सूर्याचा थोडा काठ उरणार होता. पण गोकर्णाच्या बाजूला तो पुरता झाकला जाणार होता. उल्हासला ते बघायचं होतं. तो जिल्हा सहकारी बँकेत नोकरीला होता, पण त्याचा जीव आकाशात. पत्र्याची नळी आणि मागवलेली भिंगं जोडून त्यानं स्वतः दुर्बीण केली होती, आणि ती एसटीच्या टपावर टाकायला त्याची तयारी नव्हती. मामंजींना ग्रहण बघायचं नव्हतं. त्यांना ग्रहणकाळात गोकर्णाच्या समुद्रात स्नान करायचं होतं, महाबळेश्वराचं दर्शन घ्यायचं होतं. एकाला वर बघायचं होतं, दुसऱ्याला पाण्यात उतरायचं होतं, आणि दोघांचा रस्ता एकच होता.

मलाही जायचं होतं. मी घरात एकटी राहीन का, असं मामंजींनी विचारलं तेव्हा मी घाईघाईनं म्हणाले, "मी येते की. गोकर्ण बघितलं नाही मी." माझ्या मनात एक गोष्ट होती आणि ती मी कुणालाच सांगितली नव्हती. सांगितली असती तर मला त्या दिवशी उंबरठासुद्धा ओलांडू दिला नसता.

गॅरेजवाल्यानं प्लग बदलले, पॉइंट घासून दिले, फॅनबेल्ट नवा घातला, ब्रेकमधली हवा काढली. तरी ब्रेक दोनदाच दाबावा लागायचा. होज पाइप मात्र त्या गाडीचा बेळगावात मिळेना. मुंबईहून मागवला, तो ग्रहणाआधी आला नाही.

"दुसरा कुठला तरी कापून बसवू," उल्हास म्हणाला.

गॅरेजवाल्यानं मान हलवली. "वळण वेगळं आहे साहेब. आहे तो बरा आहे. फक्त काट्यावर नजर ठेवा. गरम व्हायला लागली की थांबा, निवू द्या."

आम्ही पहाटे निघालो. धारवाडपर्यंत गाडी इतकी सुरेख चालली की मामंजी पुढच्या सीटवरून रस्त्यावरच्या माणसांकडे जरा कलेक्टरसारखं बघू लागले. त्यांना उपास होता, वेध लागले होते. मांडीवर पिशवी, तिच्यात सोवळ्याचा कद, जपमाळ, गंगाजळाची कुपी. मागच्या सीटवर मी, दुर्बीण, सोलापुरी चादर आणि वर्तमानपत्रांचा गठ्ठा.

यल्लापूरला पोचलो तेव्हा दुपार चढत होती आणि गाव बंद होत होतं. फळ्या लावल्या जात होत्या. ट्रक रस्त्याच्या कडेला ओळीनं उभे, ड्रायव्हर खाली सावलीत झोपलेले. चहावाल्यानं चुलीवर पाणी ओतलं आणि आमच्याकडे बघून कानडीत काहीतरी म्हणाला.

"काय म्हणतो?" मी विचारलं.

"आता पुढे कुणी भेटणार नाही म्हणतो," मामंजी म्हणाले.

यल्लापूर सुटलं आणि जंगल लागलं. सागवान, ऐन, उंबर, आणि त्यांच्या मधून एकच डांबरी पट्टी. समोरून एकही गाडी नाही. चढ होता. उल्हास दर थोड्या वेळानं काट्याकडे बघत होता आणि मग बघेनासा झाला. मला वाटतं त्यानं मुद्दामच बघायचं सोडलं. घाट उतरायला लागण्याच्या अगदी तोंडाशी, जिथं झाडी एकदम बाजूला होते आणि पश्चिमेकडे सगळी दरी उघडी पडते, तिथं पुढून फट् असा आवाज झाला, आणि काच पांढरी झाली. वाफ. काही दिसेना. उल्हासनं ब्रेक दोनदा दाबला. गाडी कडेला थांबली.

होज पाइप बोटभर चिरला होता. रेडिएटर रिकामा.

"बाईंनी सांगितलं होतं," मामंजी म्हणाले. उल्हासनं मागं रस्त्यात ओढ्यावरची एक मोरी बघितली होती, तिच्याखाली पाणी असणार होतं. तो कॅन घेऊन चालत निघाला. "पट्ट्या गुंडाळून पाणी भरलं की उतारावर जाईल," जाता जाता म्हणाला. "पण इंजिन थंड व्हायला पाहिजे. ग्रहण बहुतेक इथूनच बघावं लागणार. इथंही पुरतं झाकेल."

"आणि माझं स्नान?" मामंजींनी विचारलं, पण तो लांब गेला होता.

बोनेट उघडं होतं. तापलेलं रबर, ऑइल आणि गंजक्या पाण्याची वाफ, सगळं मिळून एक उग्र वास नाकात गेला आणि मला थांबवता आलं नाही. मी रस्त्याच्या कडेला धावले आणि ओकले. पोटात काही नव्हतं, तरी पुन्हा पुन्हा ओकत राहिले. सावरून उठले तेव्हा मामंजी मागे उभे होते. हातात त्यांची गंगाजळाची कुपी.

"चूळ भर," ते म्हणाले.

मी भरली. ते माझ्याकडे बघत होते. गाडीकडे बघत होते तसंच, सगळीकडून.

"किती दिवस झाले?"

मी खाली बघितलं. "दोन महिने चुकले."

"उल्हासला ठाऊक आहे?"

"नाही. मला हे बघायचं होतं, मामंजी. सांगितलं असतं तर..."

मला वाटलं ते ओरडतील. ते ओरडले नाहीत. ते रस्त्यालगतच्या दगडावर बसले. त्यांचा चेहरा इतका पडला होता की मीच घाबरले.

"उल्हासच्या आधी एक मुलगी झाली होती," ते म्हणाले. "त्याला माहीत नाही. कुणी सांगितलंच नाही त्याला. वरचा ओठ फाटलेला होता. इथून इथपर्यंत. तिला दूध पिताच येईना. कापसाच्या बोळ्यानं घालायची तुझी सासू, थेंब थेंब, दिवस दिवस. नाही राहिली." ते थांबले. "ग्रहणात तुझ्या सासूनं सुपारी कातरली होती. माझ्या आईनं बघितलं होतं. मग सगळे म्हणायला लागले, हिनंच केलं. ती मरेपर्यंत तेच समजत होती. डॉक्टर म्हणायचे तसं काही नसतं. असेल, नसेल. मला काय ठाऊक. पण मी त्या बाळाचा ओठ बघितलाय."

वाऱ्यावर पानं हलत होती. मी स्वतःहून गाडीकडे गेले. आजही लोक विचारतात, मामंजींनी तुला कोंडून ठेवलं का. नाही. मला भीती वाटली होती. त्यांच्या गोष्टीची नाही, त्यांच्या आवाजाची. मी मागच्या सीटवर जाऊन बसले आणि म्हणाले, "झाका."

त्यांनी झाकलं. एका बाजूच्या काचांवर सोलापुरी चादर, पुढच्या काचेवर त्यांचा रेशमी कद, उरलेल्या काचांवर वर्तमानपत्रं, दारात कोपरे दाबून. बाहेरून दार लावताना म्हणाले, "झोप म्हटलं तर झोप. मी इथंच बसतो, दाराशी."

आत अंधार झाला. रेक्झिनचा, पेट्रोलचा, जुन्या माणसांच्या गाडीचा वास. उल्हास परत आल्याचं मला ऐकू आलं.

"वृंदा कुठंय?"

"तिला गाडी लागली. झोपलीय. उठवू नकोस."

मग तारेचा, पकडीचा आवाज. दोघं बापलेक ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळत होते. मग कॅनमधून पाणी रेडिएटरमध्ये पडल्याचा आवाज, आणि उल्हास म्हणाला, "अण्णा, थोडं पाणी उरलंय. आंघोळीला पुरेल एवढं नाही, पण..."

"ठेव. वाटेत परत लागेल गाडीला."

"स्नान नको?"

"गाडीला ठेव म्हटलं ना."

उल्हास दुर्बीण उचलून दरीच्या कडेला गेला असावा. थोड्या वेळानं त्याची हाक आली, "लागलं! स्पर्श झाला!" दारापाशी मामंजींचा जप सुरू झाला. पुटपुटणं, मण्यांचा बारीक आवाज. मला सगळं ऐकू येत होतं आणि काहीच दिसत नव्हतं.

किती वेळ गेला ठाऊक नाही. मी डोळे मिटून बसले होते. उघडले तेव्हा माझ्या पदरावर काहीतरी होतं. छोटं, उजेडाचं. मी झटकायला हात नेला आणि ते हातावर आलं.

खिडकीवरच्या वर्तमानपत्राला कुठंतरी टाचणीएवढं भोक होतं. त्यातून एक बारीक तिरीप आत आली होती. पण ती गोल नव्हती. ती चंद्रकोर होती. नखाएवढी, रेखीव, दोन्ही टोकं अणकुचीदार. मला आधी कळलंच नाही ते काय आहे. मग लक्षात आलं. तो सूर्य होता. बाहेर आकाशात जे चाललं होतं ते एवढंसं होऊन माझ्या मांडीवर येऊन बसलं होतं.

बोळा लावून ते भोक बुजवता आलं असतं. मी नाही बुजवलं. मी तळहात पसरला आणि ती कोर त्यावर घेतली. ती बारीक होत होती. डोळ्यांदेखत. आधी कोर, मग धागा. आणि तिच्याबरोबर गाडीतली सगळी हवा बदलत होती, थंड होत होती. बाहेर पाखरं एकाएकी किलबिलली, संध्याकाळी घरट्यावर येताना करतात तसा गोंगाट, आणि मग ती थांबली. सगळीच. एखाद्यानं हात वर करून सांगावं तशी.

हातावरचा धागा तुटला. दोन ठिपके राहिले, मग एक, मग काही नाही.

आणि मला जाणवलं की मामंजींचा जपही थांबला आहे.

दार उघडलं. बाहेरून खाड्कन. मामंजी वाकून आत बघत होते आणि त्यांच्या मागं जे आकाश होतं ते मी ओळखलं नाही. कुठल्याच वेळेचं नव्हतं ते.

"सूनबाई," ते म्हणाले. "बाहेर ये. लवकर."

"मामंजी, पण..."

"ये गं!"

त्यांनी माझं मनगट धरलं आणि ओढलंच. मी बाहेर आले. पाय जमिनीवर टेकले तेवढं आठवतं. मग मान वर गेली.

त्याचं वर्णन मला आजही नीट करता येत नाही. सूर्य जिथं असायचा तिथं एक काळा, अगदी काळा गोल होता. आकाशाला पाडलेलं भोक वाटावं असा. आणि त्याच्या चहूबाजूंनी पांढरं काहीतरी पसरलेलं होतं. प्रकाश म्हणावा तर त्यानं काही उजळत नव्हतं. मऊ, धुतलेल्या केसांसारखं, स्थिर. त्याला हालचाल नव्हती, आणि तरी ते जिवंत वाटत होतं. काळ्या गोलाच्या कडेला एका ठिकाणी गुलाबी ठिणगीसारखं काही होतं. वर डाव्या बाजूला शुक्र, दुपारच्या वेळी, ठळक.

खाली दरीत अंधार होता, पण रात्रीचा नव्हे. पश्चिमेकडे, पार समुद्राच्या बाजूला, क्षितिजावर नारिंगी उजेडाची पट्टी होती. मागं वळून बघितलं तर पूर्वेकडेही. चारी दिशांना एकदम संध्याकाळ झाली होती आणि मधे आम्ही. उघड्या बोनेटची ती हिरवी गाडी, तिच्या काचेवर मामंजींचा कद, दरीच्या कडेला उल्हास. त्याची दुर्बीण बाजूला उभी होती आणि तो तिच्यातून बघत नव्हता. दोन्ही हात खाली सोडून नुसता वर बघत होता, आणि रडत होता, मोठ्यानं, लहान मुलासारखं.

मामंजींनी माझं मनगट सोडलं नव्हतं. त्यांच्या ओठांवर मंत्र नव्हता. तोंड उघडं होतं.

"बघ," ते म्हणाले. नुसतं तेवढंच. "बघ."

मग काळ्या गोलाच्या काठावर एक बिंदू उजळला. इतका तेजस्वी की आम्ही तिघांनीही एकदम डोळे झाकले. दरीतून उजेड वर आला, कुणीतरी दिवा हातात घेऊन धावत यावं तसा. पाखरं बोलायला लागली. डांबरी रस्त्यावर झाडांच्या सावल्या पडल्या आणि प्रत्येक सावलीत उजेडाच्या शेकडो चंद्रकोरी हलू लागल्या, सगळा रस्ता त्यांनी भरून गेला. मी त्यांच्यावर पाय द्यायला धजले नाही.

मामंजींनी हात सोडला. मला गाडीत बसवलं, चादर पुन्हा लावली. आता कशाला, असं मी विचारलं नाही.

उन्हं पूर्ववत झाल्यावर उल्हासनं सेल्फ मारला. गाडी लगेच सुरू झाली. गुंडाळलेली नळी दोन थेंब गळली आणि धरली.

"आता गोकर्ण?" उल्हासनं विचारलं.

"घरी," मामंजी म्हणाले.

"आणि समुद्रस्नान?"

"झालं माझं."

वाटेत मी उल्हासला सांगितलं. त्याला गाडी थांबवावी लागली.

मुंबईहून होज पाइप पुढच्या आठवड्यात आला. मामंजींनी तो स्वतः उभं राहून बसवून घेतला, खालचाही बदलून घेतला, रिंगा टाकून घेतल्या, ब्रेकचं काम पुरं करून घेतलं. निळा धूर बंद झाला. ते महिने त्यांनी त्या गाडीत आणि माझ्यात घालवले असं म्हटलं तरी चालेल. मला फळं, दूध, वेळेवर औषधं. गाडीला रोज सकाळी सुरू करून बघणं. "ऐन वेळी नाही म्हणता कामा नये," एवढंच म्हणायचे. त्या दुपारबद्दल एक अक्षर नाही. पण मी कधी गॅलरीत बसले असले तर ते माझ्याकडे बघत असायचे, आणि मी बघितलं की नजर वळवायचे. मला कळत होतं, बाळाचा ओठ दिसायला उरलेले दिवस ते मोजत आहेत. मीही तेच मोजत होते.

सप्टेंबरात कळा सुरू झाल्या तेव्हा सकाळ होती आणि पाऊस होता. गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली. दोन्ही वायपर चालत होते.

मुलगी झाली. मामंजींना आत सोडलं तेव्हा मी जागी होते. ते आले, नर्सला म्हणाले, "हात धुऊन आलोय." दुपट्यात गुंडाळलेलं बाळ त्यांच्या हातात दिलं. त्यांनी कडेनं दुपटं बाजूला केलं, चष्मा काढला आणि तोंड अगदी जवळ नेलं. मग करंगळी घेऊन तिच्या वरच्या ओठावरून अलगद फिरवली. इथून इथपर्यंत. एकदा. परत एकदा. आणि स्टुलावर मटकन बसले.

मीच विचारलं.

"मामंजी, एवढी भीती होती, तर मला बाहेर का बोलावलंत?"

ते बाळाकडेच बघत होते.

"मी डोळे मिटून जप करत होतो," ते म्हणाले. "थंडी वाजली म्हणून उघडले. आणि ते समोर होतं. भीती होती गं. पण तू आत अंधारात, आणि बाहेर हे असं. मला वाटलं, हे माझ्या एकट्याच्यानं नाही बघवणार. आणि त्या क्षणी दुसरं काही सुचलंच नाही."

मुलीनं जांभई दिली. तिचा सबंध ओठ वर ताणला गेला, लालसर, अखंड. आम्ही दोघं ते बघत राहिलो.